सिंहाची पोरं, वाघिणीच्या पोटची

वाघीण अडलीय, असं सांगायला सर्कशीचा मॅनेजर मोटारसायकलवरून दवाखान्यात आला, तेव्हा मी एका शेळीच्या मोडलेल्या पायाला प्लास्टर घालत होते. म्हैस अडते, गाय अडते, हे आमच्या रोजच्या बोलण्यातलं. वाघीण अडली, हे मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

जळगावजवळच्या त्या सरकारी दवाखान्यात माझी पहिलीच नेमणूक होती. वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर कामाला. मी तिथल्या क्वार्टरमध्ये वाढले. आमच्या घरात जनावर म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारं मांजर, तेही आईच्या शिव्या खाऊन जाणारं. पशुवैद्यकाला प्रवेश मिळाला म्हणून शिकले आणि गाईम्हशींची डॉक्टर झाले. वाघ मी पुस्तकात शिकलेला, आणि शाळेच्या सहलीत खंदकापलीकडे झोपलेला पाहिलेला.

सर्कस मेहरूणच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात उतरली होती. सर्कशीत वाघसिंहांचे खेळ करायला तेव्हा बंदी आलेली होती. पण खेळ बंद झाले म्हणून जनावरं नाहीशी होत नाहीत. काही सर्कशींनी ती सरकारजमा केली, काहींनी कोर्टात धाव घेतली आणि तोवर पिंजरे तंबूच्या मागे ताडपत्रीखाली झाकून ठेवले. ही सर्कस दुसऱ्या जातीची होती.

ताडपत्रीच्या आत वास एवढा होता की डोळ्यांना पाणी आलं. वाघीण एका कुशीवर पडली होती, जीभ बाहेर, आणि दर कळेला तिचे मागचे पाय फळ्यांवर खरखरत होते. शेजारच्या पिंजऱ्यात एक सिंह गजांवर अंग आपटत होता. मध्ये लुंगी आणि खाकी शर्टातला, साठीला टेकलेला माणूस उकिडवा बसला होता. त्याचा डावा कान अर्धाच होता. तोच या जनावरांचा सांभाळ करणारा. सगळे त्याला नाना म्हणत, मीही म्हणायला लागले. मूळचा धुळ्याकडचा, नरडाण्याजवळच्या एका गावचा. पोरवयात सर्कशीमागे पळून गेला आणि मग सर्कशीचाच झाला. सगळा मुलूख हिंदीत फिरला, पण जनावरांशी तो अहिराणीतच बोलायचा.

"नर कुठला लागला होता?" मी विचारलं. म्हशीच्या वेळी विचारते तसंच.

त्याने सिंहाकडे बोट केलं.

"नाही, वाघिणीला कुठला नर लागला?"

"हाऊच. दुसरा कोन शे आठे?"

मग त्याने मागच्या बाजूची एक छोटी ताडपत्री उचलली. तिथे पहिल्या वेताची दोन पिल्लं होती, वर्ष उलटून गेलेली. एक नर, एक मादी. अंग सिंहाचं, मातकट पिवळं, आणि त्यावर कुणी ओल्या बोटाने ओढावेत तसे पुसट पट्टे. पिल्लं म्हणायचं खरं, पण नर तेव्हाच आपल्या आईएवढा झाला होता. मादी बसूनच होती.

सिंह आणि वाघीण लहानपणापासून एकत्र वाढवले की असं होऊ शकतं, हे मी वाचलं होतं. त्याचं पुढे काय होतं ते त्या दिवशी पाहिलं. सिंहाकडून पिल्लात वाढीचा जो जोर येतो, तो सिंहिणीच्या पोटात आवरला जातो. वाघिणीकडे त्याला आवर घालणारं काही नसतं. पिल्लू वाढतच राहतं. पहिल्या वेताला ती कशीबशी सुटली. या वेळचं पिल्लू तिच्या हाडात अडकलं होतं.

मॅनेजरच्या मोबाइलवरून मी कॉलेजातल्या आमच्या शस्त्रक्रियेच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "भूल दिलीस तर बहुतेक मरेल. नाही दिलीस तर नक्की मरेल. हात स्वच्छ धू आणि सुरू कर."

मी भूल दिली. तंबूतल्या फळ्या टाकून त्यावर तिला ओढून घेतलं. पोट उघडल्यावर रक्ताचा वास सुटला आणि शेजारचा सिंह वेडा झाला. तो गज दातात धरून ओढायला लागला. एक कडाका ऐकू आला. मला वाटलं गज मोडला. मोडला होता त्याचा सुळा. तोंडातून रक्त गळत होतं आणि तो तेच गज पुन्हा चावत होता. नानाने कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलली आणि त्याच्या नाकावर, पंजांवर, पुन्हा नाकावर हाणायला सुरुवात केली.

"मारू नका त्याला!" मी ओरडले. माझे दोन्ही हात वाघिणीच्या पोटात होते.

"त्याले रगतना वास लागना. आते गज मोडी तो. मी नही मारं ते तो आपले मारी," नाना म्हणाला आणि मारत राहिला.

पिल्लू मेलेलं निघालं. त्याचं डोकं माझ्या दोन्ही तळव्यांत मावेना. आतलं गर्भाशय फाटलेलं होतं, केव्हाच फाटलेलं असणार. मी टाके घालत होते आणि टाके घालता घालताच माझ्या हाताखालचा श्वास थांबला. मी तरी शिवत राहिले. अर्धी उघडी टाकून उठणं मला जमलं नाही.

मॅनेजर इतका वेळ नाकाला रुमाल लावून उभा होता. तो पुढे आला, मेलेल्या पिल्लाकडे वाकून पाहिलं आणि मला म्हणाला, "मॅडम, हे पेंढा भरून ठेवता येईल का? लोक बघतील."

नानाने हातातली सळई फिरवली आणि मॅनेजरच्या खांद्यावर हाणली. मॅनेजर खाली बसला. मग उठला आणि नानाच्या तोंडात मारली, उजव्या हाताने, मग डाव्या हाताने. नानाने सळई टाकून दिली होती. त्याने तो मार उभ्याने खाल्ला, हातसुद्धा वर केला नाही. मॅनेजरचा हात थकला तेव्हा नाना वळला आणि वाघिणीचे पाय एकत्र बांधायला लागला.

मी वनखात्याला कळवलं. त्यांची माणसं आली, वाघिणीला घेऊन गेली. बाकीच्या जनावरांना कोर्टाची स्थगिती असल्याचा कागद मॅनेजरने दाखवला आणि सर्कस गाव सोडून गेली. मला वाटलं, आपला संबंध इथे संपला.

नंतर माझी बदली धुळे जिल्ह्यात झाली. तिथे नोकरीत रुळले, लग्नही झालं. एक दिवस वरिष्ठांनी बोलावून सांगितलं की शहराबाहेर एका मैदानात सर्कशीची दोन जनावरं जप्त करून ठेवली आहेत. दूरच्या एका बचाव केंद्रात त्यांची सोय होईपर्यंत त्यांच्याकडे लक्ष द्यायचं. "तुम्हाला अनुभव आहे ना वाघाचा," ते म्हणाले.

मैदानात तंबू नव्हता. सर्कस मोडली होती, मालक परागंदा होता. उरला होता चाकांवरचा एक पिंजरा, त्यात ती दोन भावंडं, आणि पिंजऱ्याच्या सावलीत नाना. त्याने मला लगेच ओळखलं. "या डॉक्टरबाई," म्हणाला, आणि बसायला पत्र्याचा डबा पालथा करून दिला. सिंह मेला होता. तुटलेल्या सुळ्यातून जबड्यात पू झाला, तो डोक्यात गेला.

नर आता प्रचंड झाला होता. मी एवढं मोठं मांजरकुळातलं जनावर त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पिंजऱ्यात तो वळला की त्याचं ढुंगण एका बाजूच्या गजांना घासायचं आणि मिशा दुसऱ्या बाजूच्या. दोन्ही बाजूंची कातडी सोलून तिथे काळे घट्टे पडले होते. आयाळ जेमतेम कानामागे. तो ओरडायचा तेव्हा सुरुवात सिंहाची व्हायची आणि मध्येच ते भलत्याच ठिकाणी जायचं, खोकल्यासारखं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो गुदमरतोय असं वाटलं.

बहिणीचे मागचे पाय जवळजवळ गेले होते. ती पुढच्या पायांवर अंग ओढायची. कोपरांना जखमा, त्यात माश्या. गज चावून चावून पुढचे दात हिरड्यांना टेकलेले. शरीर वाढत गेलं, हाडांना ते पेललं नाही; त्यात लहानपणापासून नुसतं कोंबडीचं उरलंसुरलं मांस, ना चुना ना ऊन. हे मी नानाला समजावून सांगितलं. त्याला पटलं नाही.

"ती लबाड शे," तो म्हणाला. "पडी राहिनी ते खावाले मियस, म्हनीसन उठत नही."

"नाना, तिच्या कमरेची हाडं वाकलीत. ती उठूच शकत नाही."

"मारं ते उठस."

आणि खरंच, सळई गजांवर वाजली की ती उठायचा प्रयत्न करायची. अर्धी उठून धाडकन पडायची. त्यावरून आमची रोज भांडणं व्हायची. मी औषधाच्या गोळ्या खिम्यात घालून आणायची, जखमा लांबूनच पिचकारीने धुवायची. नाना तक्रार करत का होईना, पाणी भरून द्यायचा.

खरा त्रास वेगळाच होता. बहिणीला भावाजवळ पडायचं असायचं. ती ओढत ओढत त्याच्यापर्यंत जायची आणि त्याच्या पोटावर डोकं ठेवायला बघायची. कळपात राहणाऱ्या जनावराची ती ओढ, बापाकडून आलेली असावी. भावाला ते सहन व्हायचं नाही. तो आईवर गेला होता, त्याला एकट्याचा मुलूख हवा होता, आणि मुलूख म्हणून मिळाला होता तो हा पिंजरा. तो आधी कान पाडायचा, मग गुरगुरायचा, आणि तरी ती हलली नाही की फटका मारायचा. एकदा तिच्या कपाळाची कातडी भुवईपर्यंत लोंबली. भूल देऊन मी ती शिवली. शुद्धीवर आली आणि तासाभरात पुन्हा त्याच्याचकडे सरकायला लागली.

नाना हे बघायचा आणि सळई घेऊन उठायचा. "मांगे सर! सर मांगे!" म्हणत तो नराला कोपऱ्यात रेटायचा. नर सळई पंजाने उडवायचा, नाना पुन्हा हाणायचा. दोघांची नजर एकमेकांवरून हलायची नाही. त्या वेळी नानाच्या चेहऱ्यावर जे असायचं, त्याला मी राग म्हणणार नाही. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

मी वनखात्याच्या मागे लागून मध्ये एक जाड पत्रा बसवून घेतला. खाचेतून वर ओढता येईल असा. त्यानंतर मारामाऱ्या थांबल्या. बहीण मात्र पत्र्याला पाठ लावून पडायची. पलीकडून तो चालला की पत्रा थरथरायचा, तेवढंच तिला पुरत असावं.

बचाव केंद्राचा होकार आला तेव्हा थंडी पडली होती. धुळ्यापर्यंत गाडी पाठवायला त्यांना जमणार नव्हतं, जळगावला जनावरं पोचवली की तिथून ते नेणार होते. म्हणून रावेरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याचा ट्रक ठरवला, तो धुळ्याला माल उतरवून रिकामा परत जाणार होता. ड्रायव्हर त्या घरचाच, तिशीतला, धिप्पाड. पिंजरा क्रेनने चढवताना तो लांब उभा राहिला.

"बाई, मले वाटलं सर्कशीचं सामान म्हंजे तंबू असंन," तो म्हणाला.

"भ्यायचं काही नाही. आम्ही दोघं मागे बसतोय."

"तुम्ही मागं बसा हो. पण हे काय पुढं येऊन नाही बसणार ना?"

उजाडता उजाडता निघालो. हमरस्ता तेव्हा अरुंद होता, समोरून ट्रक आला की दोघांनी मातीत उतरायचं. पारोळ्यापर्यंत सगळं नीट झालं. मी नराला थोडं गुंगीचं औषध दिलं होतं. जास्त देता येत नव्हतं, कारण अंगाच्या मानाने त्याचं हृदय कसं आहे याची मला खात्री नव्हती. बहीण शांत होती. नानाने तिला अहिराणीत सांगितलं की आता तुला मोठं अंगण मिळणार, आणि मग माझ्याकडे पाहून ओशाळला.

पारोळ्याच्या पुढे मागचं टायर फुटलं. ट्रक रस्त्याच्या कडेला लावून ड्रायव्हर जॅक काढायला लागला. पहिल्यांदा दोन मोटारसायकली थांबल्या, मग एक रिक्षा, मग शेतातून माणसं यायला लागली. ताडपत्रीच्या फटीतून कुणाला तरी शेपटी दिसली. "वाघ शे! वाघ शे!" असा एकच गलका झाला. बघता बघता माणसं चाकांवर चढली, ताडपत्री उपसली गेली. मी हात जोडले, ओरडले, सरकारी ओळखपत्र दाखवलं. कुणीतरी कापसाची पऱ्हाटी गजांमधून आत खुपसली. कुणी गोटा मारला. पहिला गोटा गजाला लागला, दुसरा बहिणीच्या डोक्यात. ती हलू शकत नाही हे लक्षात आल्यावर गोटे तिच्याच बाजूला जास्त पडायला लागले.

ड्रायव्हर टॉमी घेऊन उठला. ती लोखंडी दांडी त्याने समोरच्याच्या मांडीवर हाणली. तो माणूस कळवळून पडला. "उतरा खाली! गाडी माझी हाय!" ड्रायव्हर ओरडत होता आणि सापडेल त्याच्या पाठीत, पायात दांडी घालत होता. गर्दी थोडी मागे हटली. तेवढ्यात मागून एक लग्नाचं वऱ्हाड येऊन अडकलं. दोन जीपा आणि बँडवाल्यांचा टेम्पो. फेटा बांधलेला एकजण हसत हसत उतरला, त्याने सुतळी बॉम्ब पेटवला आणि ट्रकखाली टाकला.

त्या आवाजाने माझे कान बंद झाले. नंतरचं मला बराच वेळ आवाजाशिवायच आठवत राहिलं. नराने मधल्या पत्र्यावर झेप घेतली. सबंध ट्रक एका बाजूला कलला, जॅक सरकला. त्याने पुन्हा अंग टाकलं. पत्र्याची खालची कड खाचेतून निघाली आणि आतल्या बाजूला दुमडली. बहिणीची पाठ पत्र्यालाच होती. तिला पाय काढून घेता आले नाहीत. फटीतून त्याने तिची कंबर पकडली.

ती ओरडली, तिथपासून मला पुन्हा ऐकू यायला लागलं.

"सोड रे तिले! सोड! बहीण शे ती तुन्ही!" नाना पिंजऱ्याला बिलगून चढला होता आणि सळई आत घालून नराच्या नाकावर मारत होता. मी औषध भरलेली सिरिंज लांबून सुई मारायच्या फुंकणीत घालत होते. सुई एकदा खाली पडली. नानाने नेम धरून डोळ्याखाली मारलं. नराने बहिणीला सोडलं, मान फिरवली आणि सळई दातात धरून आत ओढली. नानाने ती सोडली नाही. का सोडली नाही, हे मला आजही कळलेलं नाही. सळईबरोबर त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला.

हाड मोडल्याचा आवाज मी रोज ऐकणारी बाई आहे. तो ऐकूनही मी जागेवरून हलले नाही. फुंकणी तोंडाला लावली आणि नराच्या खांद्यात सुई घातली. औषध चढायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याने हात तोंडात धरून ठेवला, चावला, झटकला, पुन्हा चावला. ड्रायव्हर गजांमधून टॉमीने त्याच्या डोक्यावर घाव घालत होता. नानाने एकदाही किंकाळी फोडली नाही. कपाळ गजांना टेकवून तो नराच्या डोळ्यांत बघत होता आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होता. मग नराची मान खाली गेली.

मी ओढणी फाडून नानाचा दंड आवळला. कोपराखाली जे उरलं होतं, ते पाहून गर्दी आपोआप पांगली. फेटेवाला तिथेच उभा होता, तोंडावर रक्ताचे शिंतोडे उडालेले. त्याची कॉलर ड्रायव्हरने धरली. मला वाटलं आता हा याला जिवंत सोडत नाही. पण त्याने त्याला ओढत जीपपर्यंत नेलं आणि नानाला मागच्या सीटवर आडवं केलं. "जळगावले ने. हा रस्त्यात मेला तर तुले शोधून काढीन." जीप हॉर्न वाजवत निघून गेली, मागे लग्नाच्या सजावटीच्या झिरमिळ्या उडत होत्या.

टायर बदलून आम्ही जळगावला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात पिंजरा उतरवला, गेट लावून घेतलं. बहिणीला मी बाहेर काढून तपासलं. मणका तुटला होता, कमरेचं हाड भुगा झालं होतं. तिला पाय नव्हतेच, आता लघवीवरही ताबा नव्हता. वनखात्याचे साहेब आले. ते भले गृहस्थ होते, त्यांनी दोन ठिकाणी फोन केले, वरून तोंडी परवानगी घेतली. मग मला म्हणाले, "तुम्ही करा. मी बाहेर थांबतो."

मी खाली बसले. तिचं डोकं मांडीवर घेतलं. शुद्धीवर असलेल्या त्या जनावराला मी याआधी कधी हात लावला नव्हता. कपाळावर माझेच जुने टाके हाताला लागत होते. तिने डोकं माझ्या पोटाकडे सरकवलं, भावाकडे सरकवायची तसंच. मी पुढच्या पायाची शीर शोधली आणि इंजेक्शन दिलं.

तिकडे नराला जाग येत होती. उठल्यावर तो झोकांड्या खात दुमडलेल्या पत्र्याशी गेला आणि पत्र्यावरचं रक्त चाटायला लागला. सगळं चाटून झालं तरी चाटत होता. ते दुःख होतं की भूक, मला सांगता येणार नाही. पुढे बचाव केंद्राची माणसं आली आणि त्याला घेऊन गेली.

त्या संध्याकाळी मी धुळ्याला परत न जाता दीपनगरला गेले. आईने दार उघडलं, माझे कपडे पाहिले. काही न विचारता बंब पेटवला. मी जेवले नाही. एका जनावराला इंजेक्शन देऊन संपवलं, एवढंच सांगितलं. वडील बुद्धाच्या तसबिरीसमोरची मेणबत्ती लावत होते. ते मागे न बघता म्हणाले, "जनावर तडफडत होतं का?" मी हो म्हणाले. "मग झालं," ते म्हणाले. आई मात्र माझं ताट झाकून आत निघून गेली. जीव घेऊ नये, एवढं तिला ठाऊक होतं. तिच्या जागी तीही बरोबरच होती.

नानाचा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मी सिव्हिल हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा त्याने पहिलं विचारलं, "ती कशी शे?"

मी खरं सांगितलं.

"डोया उघडा व्हतात का तिन्हा?"

"हो, उघडे होते."

"तुमनाकडे देखे का?"

"माझ्याकडे बघत होती."

"बरं व्हयनं," तो म्हणाला. मग कुशीवर वळला. कापलेल्या बाजूला वळला आणि तेव्हा मात्र जोरात ओरडला.

पुढे तो नशिराबादला आपल्या पुतणीकडे राहायला गेला. एका हाताने तिचं किराण्याचं दुकान झाडायचा, पुड्या बांधता यायच्या नाहीत म्हणून चिडायचा. मी दीपनगरला जाताना कधी कधी उतरून भेटायची. एकदा त्याने नराला बघायला जायचं काढलं. मी परवानगी मिळवली, दोघं रेल्वेने गेलो.

बचाव केंद्रात त्याला खरंच मोठं आवार मिळालं होतं. झाडं होती, पाण्याचा हौद होता. तो मात्र कुंपणाच्या एका कोपऱ्यात जुन्या पिंजऱ्याएवढ्याच जागेत फेऱ्या मारत होता. तिथली माती घासून घासून खळगा झाला होता. पाय आता त्याचेही दुखत असावेत, मागचा एक आखडून टाकत होता. आम्ही बरेच लांब उभे होतो. नाना नुसता खाकरला.

नर जागच्या जागी थांबला. मग तो जाळीवर आला, इतक्या वेगाने की तिथला रखवालदार मागे सरताना पडला. तोंडाने जाळीवर आदळला. नाक फुटलं. मागे सरून पुन्हा आदळला. जाळी लोखंडाची होती, दुहेरी होती, तरी खांब हलले. रक्त आणि फेस आमच्या पायांपर्यंत उडाला. रखवालदार ओरडत होता, "काका, हटो, हटो उधरसे!" मी नानाला दंडाला धरून ओढलं. झाडांच्या आड गेलो तरी तो आदळण्याचा आवाज येत होता.

"वयखी लिधं त्यानी माले," नाना म्हणाला. त्याने ओळखलं होतं, यात शंकाच नव्हती.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला. मी डबा उघडला, त्याला पोळीचे तुकडे करून दिले. एक तुकडा खाऊन झाल्यावर तो बोलला.

"मी त्याले पहिलांदाव मारं, तवय तो मांजरएवढा व्हता."

"त्याने काय केलं होतं?"

"काहीच नही." त्याने पोळीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "धाक बसाले पाहिजे म्हनीसन. मोठा व्हयना ते मंग कोन धरी त्याले? आमले असंच शिकाडेल व्हतं. मालेबी असंच मारेत."

समोरच्या बाकावरचं एक मूल नानाच्या रिकाम्या बाहीकडे टक लावून बघत होतं, तर त्याने बाही हलवून त्याला हसवलं.

नर पुढच्या उन्हाळ्यात गेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि पाठीचे मणके एकमेकांत रुतले होते, असं तिथल्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं. शेवटी शेवटी त्याला उचलून वळवायला सहा माणसं लागायची. वय फारसं नव्हतं.

मी नशिराबादला जाऊन नानाला कळवलं. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता.

"जायं का पुरं?" त्याने विचारलं.

"जाळलं. पुरत नाहीत. कुणी कातडी, नखं काढून नेऊ नयेत म्हणून साहेबांसमोर जाळतात."

"बठ्ठं?"

"हो, बठ्ठं. नखंसुद्धा."

त्याने मान हलवली, आतल्या पुतणीला हाक मारली आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.